शून्य, पाच, पंधरा, तीस

खैऱ्याच्या जिवाणूला शेपटी असते,
शेपटीत बावीस मण्यांचा एक तुकडा.
पान त्याला तेवढ्यावरूनच ओळखतं.
अख्खा चोर कशाला बघायचा,
अंगणात अनोळखी चप्पल दिसली की झालं.

रंजू बोकडे संत्र्याच्या पानांच्या टिकल्या पाडते
ऑफिसातल्या जुन्या पंचिंग मशीननं.
मी तुकड्याचं पाणी सोडते, घड्याळ लावते :
शून्य मिनिटं, पाच, पंधरा, तीस.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री,
कूलरची मोटर खसाच्या ओल्या वासात खोकते.

पेशीच्या पडद्यात एक प्रथिन उभं असतं,
अर्धं बाहेर, अर्धं आत,
उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखं.
तुकडा हाती लागला की ते शेजारणीचा हात धरतं,
मग आत कुणी कुणाला फॉस्फेटचा टिळा लावतं,
टिळा लागलेलं जागं होतं,
पुढच्याला लावतं, ते त्याच्या पुढच्याला,
पार केंद्रकाच्या दारापर्यंत.
मेंदू नाही, मज्जातंतू नाही,
हुकूम सोडणारा कुणी साहेब नाही.

आमच्या गल्लीत मे महिन्यात पहाटे चारला नळ यायचे.
पहिल्या घरची बाई दुसऱ्या घरची कडी वाजवायची :
पाणी आलं!
दुसरीनं तिसऱ्या घरची.
शेवटच्या निखारे काकांपर्यंत निरोप
भांड्यांच्या आवाजाआधी पोचायचा.

मग सप्टेंबरातल्या एका रात्री अंबाझरी ओसंडली.
त्याच कड्या, तोच क्रम,
तेच दोन शब्द.
काका झोपेतच गुंड घेऊन बाहेर आले
आणि कमरेइतक्या पाण्यात
गुंड धरून उभे राहिले.

टिळा लावणाऱ्याला तरी कुठं ठाऊक असतं
आपण काय पोचवतोय.

संध्याकाळी फिल्मवर पट्ट्या उमटल्या.
शून्याला कोरं. पाचला धुरकट.
पंधराला काजळ.
रंजू म्हणाली, "पेटलं न बाई!"
कागदी लिंबाच्या रांगेत मात्र जेमतेम सावली,
म्हणून तर खैऱ्या त्याला आधी खातो.

तिसाला पट्टी पुन्हा फिकी.
कुणी तरी मागून येतं आणि टिळे पुसत जातं.
आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात
जागवणाऱ्यांना लाल बाण आहेत,
पुसणाऱ्याला कोपऱ्यात एक आडवी रेघ,
तीही गेल्या वर्षीच्या गळतीत ओघळलेली.

एकोणीस नंबरच्या कुंडीतल्या रोपात
हे पुसणारंच मोडून ठेवलंय.
त्याला कुठला रोग धरत नाही.
तिसरं वर्ष चालू आहे, उंची वीतभर,
पानं गोळा झालेली, कडा करपलेल्या,
आपल्याच पेशी ठिकठिकाणी मारून टाकलेल्या,
शत्रू नसताना.
आंबिया बहार आला, गेला,
त्याला कळी नाही.
रंजू त्याला डोळेफाड्या म्हणते
आणि सगळ्यात आधी त्यालाच पाणी घालते.

ही आकृती मी शोधनिबंधात टाकणार नाही :
निखारे काका, पायात चपला घालून पलंगावर बसलेले,
उशाशी टॉर्च,
दोन वर्षं झाली.

आज रात्री लाईन गेली.
कुणाच्या तरी गच्चीवरची टाकी भरून सांडायला लागली,
पायऱ्यांवर बारीक धार.
टॉर्चचा झोत आला, मागून आवाज :
"पाणी आलं का?"

"टाकी हाय जी, काका. झोपा."

"पक्कं?"

"पक्कं."

मी त्यांच्या दाराशी पायरीवर बसले,
ओल्या बाजूला.
झोत भिंतीवर हलत होता, छताला जाऊन येत होता.
पाच मिनिटं.
पंधरा.
टॉर्च विझला तेव्हा
घड्याळ बघायचं राहून गेलं.